पाण्याचं रॉकेट की बंदुकीच्या दारूच्या मोटरचं?

गोव्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, हौसेचं रॉकेट उडवायचं तर कुठलं? दारूच्या मोटरी, म्हणजे दारू ठासलेल्या नळ्या, एकूण जोराप्रमाणे वर्गवार येतात (तो न्यूटन-सेकंदांत मोजतात): 'ए' २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट; म्हणजे 'सी' १० पर्यंत. जोर संपल्यावर काही सेकंद नुसता धूर, रॉकेट वर सरकत राहतं, मग छोटा बार पॅराशूट बाहेर ढकलतो. देखणं प्रकरण! पण पावसाळा सरला की सड्यावरचं गवत वाळतं, उतारावर काजूच्या बागा. एक ठिणगी पुरे.

पाण्याच्या रॉकेटला शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप. चरे पडलेली बाटली मात्र नको. उंची कमी, भिजणं नक्की. मुलं बरोबर असली की मी हेच नेतो. मोपा-दाबोळीच्या विमानतळांच्या आसपास दोन्ही नकोत.