आधी नळ बघा, मग मशीन: पुण्यातल्या तीन घरांसाठी टॉप लोडची तुलना

गेल्या दीड वर्षात आमच्या नात्यात तीन वॉशिंग मशीन घेतली गेली. आईकडे नारायण पेठेत, माझ्याकडे उंड्रीला आणि धाकट्या भावाकडे पिंपळे सौदागरला. तिन्ही वेळा दुकानात मी होते आणि तिन्ही घरांत वेगळ्या प्रकारचं टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायचं मशीन, आलं. दुकानदार दरवेळी मोटरच्या वॉरंटीपासून सुरुवात करायचा. मी आता नळापासून करते.

निवड तीन प्रकारांत आहे. एका भांड्यात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं सेमी ऑटोमॅटिक, साधारण दहा ते चौदा हजारांचं. एकाच भांड्यात आपोआप धुऊन पिळणारं, बेल्टवर चालणारं साधं फुली ऑटोमॅटिक, सात किलोचं पंधरा-सोळा हजारांपासून. आणि डायरेक्ट ड्राइव्हचं, म्हणजे बेल्टशिवाय मोटर थेट भांड्याखाली असलेलं इन्व्हर्टर मशीन, त्याहून तीन-चार हजार जास्त. समोरून कपडे टाकायचं फ्रंट लोड मी यात धरलेलं नाही. त्याला पाणी निम्म्याहून कमी लागतं हे खरं, पण नळ मधेच गेला तर टॉप लोडमध्ये वरून बादली ओतता येते, आणि आमच्या तिन्ही घरांत ती सोय लागतेच.

पाण्याचा दाब

फुली ऑटोमॅटिकच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी ०.०३ किंवा ०.०५ मेगापास्कल. याचा घरगुती अर्थ असा की मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्याची उंची किमान तीन ते पाच मीटर हवी. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला आणि वर अजून चार मजले असणाऱ्याला याची चिंता नाही. पण आईचं घर सर्वात वरच्या मजल्यावर आहे. गच्चीवरची टाकी आणि तिचा नळ यांत जेमतेम साडेतीन मीटर अंतर. पाच मीटर मागणारं मशीन तिथे तासभर भरत बसलं असतं किंवा पाणी येत नाही म्हणून थांबून शिटी वाजवत राहिलं असतं. कमी दाबावर भरणारी मॉडेल मिळतात. व्हर्लपूलच्या काही मशीनवर ०.०१७ मेगापास्कल लिहिलेलं असतं, गोदरेजचीही तशी काही आहेत. नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. दुकानात जाण्याआधी त्याच नळाखाली पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ बघा. तीन मिनिटांत भरली तर बिनधास्त घ्या. पाच-सहा मिनिटं लागली तर कमी दाबाचं मॉडेल मागा किंवा सरळ सेमी घ्या, कारण सेमीला दाबाचं काही पडलेलं नसतं.

पाण्याची जात

पेठांत येणारं खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, साबणाला लगेच फेस येतो. उंड्रीला आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. माझी डाळ कुकरमध्येही नीट शिजत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. ज्यांच्याकडे अशी खूण आहे त्यांचं पाणी जड आहे, असं धरून चाला. नक्की कळायला हवं असेल तर कडकपणा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतो. तो भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे साचतो, आणि मग स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर काळपट कण दिसायला लागतात.

म्हणूनच अशा पाण्यावर हीटरचं टॉप लोड घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. तापलेल्या कॉइलवर क्षार आधी बसतो. शिवाय पन्नास लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवायला जवळपास एक युनिट वीज जाते. हीटर नसलेलं मशीन अख्ख्या धुलाईला त्याच्या पाव भागाइतकीही वीज घेत नाही. बाळाचे कपडे किंवा तेलकट कॉलर असतील तर सोसायटीच्या सोलरचं कोमट पाणी बादलीत घेऊन अर्धा तास भिजवा, काम होतं.

भावाचा प्रश्न निराळा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आलं आणि त्यांच्या सोसायटीत नळाच्या वेळा ठरल्या. फुली ऑटोमॅटिक एका धुलाईला शंभर ते दीडशे लिटर पाणी घेतं आणि साबणाचं पाणी सरळ सोडून देतं. सेमीमध्ये त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढता येतात. वहिनीने सेमीच मागितलं आणि ते बरोबरच होतं. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही दोन गोल बटणांचं मशीन पहिल्याच दिवशी जमलं.

सेमीचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. त्याच्या पिळायच्या भांड्यावर मिनिटाला १३०० फेऱ्या लिहिलेल्या असतात, फुली ऑटोमॅटिकवर ७०० च्या आसपास. भांडं अरुंद असल्यामुळे फरक दुप्पट पडत नाही, पण कपडे नक्कीच जास्त कोरडे निघतात. जुलैत दोरीवर दोन दिवस वास मारणाऱ्या जीन्स बघितल्यात त्यांना हे मोलाचं वाटेल.

पण ओले कपडे एका भांड्यातून दुसऱ्यात वाकून उचलावे लागतात. ओली सोलापुरी चादर उचलून बघा. सत्तरीच्या आईच्या कंबरेला ते झेपणार नव्हतं, म्हणून तिच्यासाठी सेमी तिथेच बाद झालं.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह

इथे एक गैरसमज आधी दूर करते. मशीनवरचं ‘इन्व्हर्टर’ म्हणजे ते घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालतं असं नाही. मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं ते सर्किट आहे. डायरेक्ट ड्राइव्ह ही वेगळी गोष्ट, तिथे मोटर थेट भांड्याखाली जोडलेली असते आणि मधला बेल्ट नसतो. इन्व्हर्टर मोटर बेल्टवरही असू शकते. दुकानात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फेकले जातात.

डायरेक्ट ड्राइव्ह शांत चालतं, थरथर कमी. आमचं स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी यांत एकच पातळ भिंत आहे आणि रात्री दहाला मशीन लावायची सवय, म्हणून मी ते घेतलं. रोज चालणार असेल आणि मोठं कुटुंब असेल तर वरचे तीन-चार हजार सार्थकी लागतात. पण त्यात काही बिघडलं की कंपनीच्याच माणसाची वाट बघावी लागते. बेल्टच्या मशीनचा बेल्ट झिजला तर काही शेकड्यांत बदलून मिळतो, आणि पेठेतला कुठलाही जुना मेकॅनिक ते काम करतो. आईला कोणासाठी चार दिवस थांबायला लागू नये, म्हणून तिच्याकडे बेल्टचंच, कमी दाबावर भरणारं, स्टीलच्या भांड्याचं सात किलोचं मशीन आणलं.

वॉरंटी

‘मोटरला दहा वर्षं’ हा आकडा मला सर्वात कमी उपयोगाचा वाटतो. मोटर सहसा जात नाही. जातो तो सर्किट बोर्ड, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी सोडणारी छोटी मोटर, भांडं झेलणारे रॉड आणि बेअरिंगचं सील. त्या दहा वर्षांत यांतलं काहीच येत नाही. माझ्या आधीच्या मशीनची मोटर उत्तम होती, पण सहाव्या वर्षी बोर्ड गेला आणि दुरुस्तीला साडेपाच हजार सांगितले. कारण साधं होतं, ड्राय बाल्कनीच्या जाळीतून चार पावसाळे बटणांवर पाणी उडत होतं. मी तेव्हा साधं प्लास्टिकचं कव्हरही घातलं नव्हतं, याचं वाईट वाटतं. आता दुकानात तीनच प्रश्न विचारते. पूर्ण मशीनला किती वर्षं? बोर्ड बदलायचा झाला तर आज किती रुपये? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे? एलजी, हायर, व्हर्लपूल यांचे कारखाने रांजणगावला आहेत म्हणून सुटा भाग लवकर मिळेल, असं गृहीत धरू नका.

घरात मोजून घ्या

बहुतेक टॉप लोडमध्ये पाणी उपसणारा पंप नसतो, ते उतारानेच जातं. मशीन आणि मोरी यांच्यामध्ये उंच उंबरा असेल तर पाइप वर चढवावा लागेल आणि पाणी आतच राहील. झाकण वर उघडतं, तेव्हा नळ किंवा फळी आड येते का ते बघा. खालची बाजू उघडी असेल तर उंदरांसाठी जाळी बसवून घ्या, वायरी कुरतडलेली मशीन मी दोन पाहिली आहेत. आणि जी व्यक्ती रोज कपडे काढणार तिला दुकानात सोबत न्या. आईची उंची चार फूट दहा इंच. आठ किलोच्या मशीनच्या तळाशी तिचा हात पोचेना, सातच्या पोचला. आम्ही सातचंच घेतलं. गोधडी त्यात मावत नाही, पण ती वर्षातून दोनदाच धुतली जाते आणि ती मी घेऊन येते.

वापरात एक गोष्ट तिन्ही मशीनना लागू आहे. रेनकोट किंवा पाणी न शोषणारं कुठलंही कापड पिळायला टाकू नका. आत पाणी अडकून तोल जातो आणि भांडं आदळतं. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा भांडं साफ करायची पावडर घालून रिकामं मशीन चालवा आणि पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी धुवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तीच तुंबते.

दिवस ठरवताना इन्स्टॉलेशन गुरुवारी ठेवू नका. महापालिका दुरुस्तीची कामं बहुधा त्याच दिवशी काढते, आणि पाणी नसताना आलेला माणूस मशीन भरून, पिळून, पाणी सोडून न दाखवताच सही घेऊन जातो. आईकडे आम्ही शनिवार सकाळ मागून घेतली आणि पूर्ण एक धुलाई त्याच्यासमोर करून घेतली. पाइपचा जोड गळत होता, तो तिथेच घट्ट झाला.