दूध संस्थेची घरपोच कांडी सेवा, चार वर्षं वापरून लिहितोय

यवतच्या पुढं आमचा मळा, सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गायी, दूध संस्थेलाच घालतो. संस्थेनं चार वर्षांमागं घरपोच कांडी भरायची, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळीनं गाय गाभण करायची सेवा चालू केली, पैसे दहा दिवसांच्या बिलातून कापतात, तेव्हापासून बाहेरचा डॉक्टर बंद केलाय. कांडी आमच्याकडं नवीन नाही म्हणा, शेजारी उरुळी कांचनलाच मणिभाई देसाईंनी १९६७ ला बायफ ही गायींची जात सुधारणारी संस्था काढली. पण कांडी कुठल्या वळूची हे कोण विचारत होतं? डॉक्टर म्हणायचा एक नंबर आहे, आपण मान हलवायची.

फरक इथंच पडला. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो गायीच्या कानातल्या १२ आकडी बिल्ल्यासोबत रजिस्टरला चढतो, आणि पुढं कालवड व्याली की महिन्यातून एकदा माणूस येऊन सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून नेतो. दोन घरांनी तर नजर लागेल म्हणून मोजूच दिलं नाही. अरे पण वळू काय दूध देतो का? त्याची लायकी लेकींच्या दुधावरनंच कळणार, आणि एकाच गोठ्यातल्या लेकी बघून उपयोग नाही, एखादा मुरघास घालतो, एखादा नुसता कडबा, मग वळू चांगला का चारा चांगला हे समजणार कसं. दहा गावांत मोजलं तरच कळतं, एकट्यादुकट्याचं काम नाही हे.

भरायचं काम नीट करतात. जुना डॉक्टर कांडी हातावर चोळून घालायचा, हा पोरगा थर्मास अन थर्मामीटर घेऊन येतो, ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतो. उणे १९६ मधनं काढलेली वस्तू ती, तिथं आळस केला की गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, अन २१ दिवस गेले.

आता तक्रार. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायची हे त्यांनीच शिकवलं, आणि संध्याकाळी फोन लावला की "काका, उद्या सकाळी येतो". रविवारचं तर विचारूच नका. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा. आमची कालवड शेवंती पहिल्यांदा भरायची होती, मी कांडीवरचा नंबर बघितला तर तिच्या बापाचाच! संस्थेनं एकाच वळूच्या कांड्या घाऊक आणलेल्या अन रजिस्टर उघडायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. माझ्या वहीत नंबर होता म्हणून वाचलो. तो माज वाया गेला, वर तो भरणारा पोरगाच फुगून बसला.

तीच शेवंती पहिल्या वेताला १८ लिटरवर गेली, तिची आई पहिल्या वेताला १३ ला अडकलेली. फॅट मात्र ३.४ लागते अन दर ३.५ ला धरतात, म्हणजे तिथं कात्री. फॅटवाल्या वळूची कांडी मागतोय कधीपासून, "येणारे येणारे" चाललंय. सेक्स्ड सीमेन, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची कांडी पण ठेवतात, शंभरात नव्वद कालवडी होतात, मी एकदाच घेतली अन खोंड झाला, नशीब आपलं.

साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो रविवारचा.

आज पहाटे चंद्री माजावर आलीय, संध्याकाळी येतो म्हणालाय. नंबर फोनवरच विचारून घेतला.