अंगठा दोनदा दिला आणि १५,७०० गेले

कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. ते मिळवायच्या नादात माझे १५,७०० गेले. हसायचं तर हसा, पण आधी वाचा.

आमच्या कुंभारवाड्यात फॉर्म भरायला आलेल्या पोराने माणशी १,२०० घेतले. नोंदणी फुकट असते हे मला नंतर कळलं. (‘फाइल चार्ज’ हा शब्द ऐकलात की तिथूनच उठा.) पण काम तर झालं! पंचायतीची पडताळणी झाली, सहा दिवसांचं ट्रेनिंग झालं, रोजचे ५०० धरून ३,००० खात्यात आले. आता अशा पोरावर संशय कुणी घेतला असता?

महिन्याने तो परत आला. “काका, व्हाउचर अडकलंय, केवायसी करून टाकू.” मशीनवर अंगठा ठेवला. “उमटला नाही, परत ठेवा.” इथेच, इथेच कळायला हवं होतं. पण तीस वर्षं चाकावर माती ओढून माझ्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात. रेशनच्या दुकानात चार-चारदा दाबतो तेव्हा कुठे धान्य मिळतं. म्हटलं, नेहमीचंच. ओटीपीसाठी म्हणून मोबाइलही त्याच्याच हातात. पहिल्या अंगठ्याला आधारला जोडलेल्या खात्यातून १०,००० निघाले, दुसऱ्याला ४,५००. मेसेज त्यानेच पुसले. ट्रेनिंगचे ३,००० तर गेलेच, वर दिवाळीच्या पणत्यांची कमाईही गेली.

बँकेत पासबुकाचा प्रिंटर बंद. “गुरुवारी या.” नोंद हातात पडली नवव्या दिवशी, आणि साहेब मलाच विचारतात, तीन दिवसांत का नाही आलात? रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे म्हणे, तीन कामकाजी दिवसांत कळवायचं. अहो, मला कळलं त्याच दिवशी तुमच्यासमोर उभा आहे! “अंगठा तुमचाच आहे ना?” पोलिस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरने १९३० या हेल्पलाइनला फोन करायला सांगितलं. तिथे तक्रारीचा नंबर मिळाला, बस्स. उद्योग केंद्रात तर ‘तो आमचा माणूसच नाही’. मग त्याने भरलेला फॉर्म तुमच्याकडे मंजूर कसा झाला?

आधारच्या एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक (अंगठ्याचा ठसा) लॉक होतं, आजच करा. अंगठ्याआधी स्क्रीनवर रकमेचा आकडा दिसतोय का बघा. मोबाइल द्यायचा नाही, कुणालाच.

व्हाउचर अजून आलेलं नाही. मातीची ट्रॉली दारातून परत पाठवली. उन्हाळ्याचे माठ यंदा शेजाऱ्याच्या मातीचे, त्याच्याच आव्यात भाजतोय, निम्मे त्याचे.