ग्रँड ज्युरीचं समन्स आलं: कुठे बोलता येतं, कुठे नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसाला ग्रँड ज्युरीपुढे (म्हणजे कोणावर गुन्ह्याचा आरोप ठेवायचा की नाही, हे बंद दाराआड पुरावा ऐकून ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्षीचं समन्स आलं की पहिला प्रश्न असतो, हे कोणाला सांगायचं? ‘तिथलं सगळं गुप्त असतं’ एवढंच ऐकलेलं असतं. त्या भीतीने वकिलालाही फोन न करणं फार घातक आहे. वकिलाशी बोलायला कुठेच बंदी नाही. बाकीच्यांचं उत्तर मात्र समन्स कोणत्या न्यायालयाचं आहे यावर ठरतं. कागदाच्या माथ्यावर ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असेल तर ते फेडरल, म्हणजे केंद्राचं, नाहीतर राज्याचं.

फेडरल नियम साक्षीदाराला सगळ्यात मोकळा ठेवतात. फौजदारी प्रक्रियेच्या नियम ६(ई) मध्ये तोंड बंद ठेवायचं कोणी, याची यादीच आहे: ज्युरर, दुभाषी, लघुलेखक, सरकारी वकील वगैरे. त्यात साक्षीदार नाही, आणि यादीबाहेरच्या कोणावर गुप्ततेचं बंधन घालता येणार नाही असंही तोच नियम सांगतो. बिल क्लिंटन यांनी १७ ऑगस्ट १९९८ रोजी ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली आणि त्याच रात्री टीव्हीवरून देशाला त्याबद्दल सांगितलं. तो नियमभंग नव्हता. बँकेत काम करणाऱ्यांनी मात्र जपावं. काही गुन्ह्यांच्या तपासात ग्राहकाचे कागद मागवले गेले, तर त्याला ते कळवणं हाच बँक कर्मचाऱ्यासाठी गुन्हा ठरतो.

न्यूयॉर्क राज्यही याच वाटेने जातं. ज्युररने किंवा सरकारी वकिलाने आतलं फोडलं तर तो गंभीर गुन्हा, पण साक्षीदाराला स्वतःची साक्ष सांगायची मुभा कायद्यातच लिहिलेली आहे.

कोलोरॅडोत चित्र उलटं. तिथे साक्षीदाराच्या शपथेतच गुप्तता येते: आरोपपत्र किंवा अहवाल निघेपर्यंत आपली साक्ष स्वतःच्या वकिलाशी आणि सरकारी वकिलाशीच बोलायची. अशी बंदी किती ताणता येते? फ्लोरिडाचा कायदा साक्षीदाराला कायमचं गप्प करत होता. एका पत्रकाराने त्याला आव्हान दिलं आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्युरीची मुदत संपल्यावर साक्षीदाराला स्वतःची साक्ष सांगण्यापासून रोखता येत नाही. पुढे कोलोरॅडोतल्या एका गाजलेल्या बालहत्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिलेल्या, त्या घरी घरकाम करणाऱ्या बाईंना पुस्तक लिहायचं होतं. २००३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तिथली रेषा आखून दिली: तुम्हाला आधीपासून जे माहीत होतं ते तुमचं, ते सांगा, पण आत काय विचारलं गेलं, काय दाखवलं गेलं, म्हणजे त्या खोलीत गेल्यामुळेच जे कळलं, त्यावर राज्य बंदी घालू शकतं. कडक राज्यात असाल तर हा फरक पाठ करून ठेवा.

कॅलिफोर्नियाबद्दल एकच गोष्ट: आरोप निश्चित झाले, की साक्षीची प्रत आरोपीला मिळते आणि त्यानंतर दहा दिवसांनी, न्यायालयाने रोखलं नाही तर, कोणालाही वाचता येते.

आता निर्णयाचं. माझं मत स्पष्ट आहे: फेडरल समन्स असलं तरी मुभा आहे म्हणून बोलत सुटू नका. आधी वकील. मग, नियम आड येत नसेल तर, नवरा किंवा बायको, तेही दोघंच असताना. नवराबायकोतल्या खासगी बोलण्याला साधारणपणे कायद्याचं संरक्षण असतं. मित्र, भाऊ, पुण्यातले आईवडील, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांना ते नाही. मित्राला सांगाल तर उद्या त्यालाच समन्स निघू शकतं. दुसऱ्या साक्षीदाराशी तर बोलूच नका. काय सांगायचं ते ठरवलंत असा अर्थ निघाला, तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप तुमच्यावरच येईल.

एच-१बी वर असणाऱ्यांना कंपनीच्या वकिलाचा मोठा आधार वाटतो. तो सभ्यपणे बोलेलही, पण त्याचा अशील कंपनी आहे. तुम्ही त्याला सांगितलेलं सरकारला कळवायचं की नाही हे कंपनी ठरवते. स्वतःचा वकील वेगळा करा. फेडरल ज्युरीच्या खोलीत तो येऊ शकत नाही, पण बाहेर थांबतो आणि तुम्ही उठून त्याचा सल्ला घेऊ शकता.

समन्सबरोबर ‘कृपया याची वाच्यता करू नये’ असं सरकारी वकिलाचं पत्र पुष्कळदा येतं. ती विनंती आहे की न्यायाधीशांचा आदेश, हे पहिल्याच भेटीत आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. विनंती असेल तर पाळायची की नाही हे तुमच्या हातात आहे. आदेश मोडला तर न्यायालयाचा अवमान होतो.