ऊसतोडीच्या कोप्यांवर सात हंगाम वापरलेली दंडघेर पट्टी

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका मंडळाचा फोन आला. ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या लेकरांसाठी त्यांना काही घेऊन द्यायचं होतं. "ताई, वजनकाटा घेऊ का? जरा चांगल्यातला घेतो." मी म्हटलं, आधी दंडघेर पट्ट्या घ्या, काट्याचं मागाहून बघू. मुलाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची ती पट्टी म्हणजे काय तेच त्यांना माहीत नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी अंगणवाडी सेविका आहे. आमचं गाव उसाचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणीकडून टोळ्या येतात आणि माळावर कोप्या पडतात. चार बांबू, वर ताडपत्री नाहीतर पाचट, आत चूल. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवस जरी बुडाला तरी खाडा लागतो, पैसे कापले जातात. बाया रात्री दोन-तीनला उठून भाकऱ्या थापतात आणि चारला फडात जातात. तान्हं असेल तर सोबत जातं, बांधावर झोळीत पडतं. दीड-दोन वर्षांचं असेल तर कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. गुढीपाडव्याच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि माळ मोकळा होतो. सहा महिने ही मुलं माझ्या हद्दीत असतात, पण त्यांची नावं असतात त्यांच्या गावच्या रजिस्टरात.

आता पट्टीबद्दल. कागदासारखी दिसते, पण हातानं फाटत नाही. हातभर लांब, बोटाएवढी रुंद, एका टोकाला खाच. त्या खाचेतून दुसरं टोक ओवायचं, दंडाभोवती घ्यायचं आणि बाणापाशी आकडा वाचायचा. शेजारीच रंग असतो. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषित, पिवळा म्हणजे मध्यम. ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना हेच आकडे.

सगळ्यांना एकच आकडा कसा चालतो, हे मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. प्रशिक्षणात समजलं की एक ते पाच वर्षांत मूल उंचीला भराभर वाढतं, पण दंडाचा घेर त्या मानानं थोडाच वाढतो. बाळसं उतरतं, त्या जागी मांस धरतं. म्हणून मुलाचं वय नेमकं माहीत नसलं तरी काम अडत नाही. कोप्यांवर हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे. "पोळ्याच्या पुढं झालं बघा, मागच्याच्या मागच्या साली," अशी जन्मतारीख मिळते. जन्मदाखला गावी पेटीत, लसीचं कार्ड आजीकडे.

उंची-वजनाचं बरंचसं गणित वयावर चालतं, आणि मोजायला सपाट जमीन लागते. माळावर सपाट जमीन कुठली? उंची मोजायची फळी डगडगते. टांगता काटा बांधायला झाड शोधावं लागतं, आणि झोळीत घातलेलं पोर पाय झाडायला लागलं की काटा दोन किलो इकडे, दोन किलो तिकडे. मी उंचीची फळी नेली होती तेव्हा एका पोराला वाटलं की बांधून नेणार, ते पळून उसात शिरलं. पट्टीला मूल आईच्या मांडीवर राहतं. एका कोपीला दोन मिनिटं पुरतात, आणि बाया फडातून आल्यावर चूल पेटेपर्यंत माझ्या हातात तेवढाच वेळ असतो.

मोजायची रीत नीट सांगते, कारण चुका इथंच होतात. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढून पेनानं ठिपका द्यायचा. मग हात सरळ खाली सोडायचा आणि ठिपक्यावर पट्टी घ्यायची. कातडीला लागून, पण मांस दाबलं जाणार नाही इतपत. घट्ट ओढली तर हिरवं पोर पिवळं दिसतं, सैल ठेवली तर पिवळं पोर हिरवं दिसतं. दुसरी चूक जास्त वाईट.

ती माझ्याच हातून झाली आहे. डिसेंबरातली संध्याकाळ, थंडी मरणाची. सव्वा वर्षाची मुलगी थोरल्या बहिणीच्या कडेवर. अंगात विणलेला स्वेटर होता. काढला तर गारठेल म्हणून बाहीवरूनच मोजलं. १२.७, हिरवा. पुढच्या आठवड्यात दुपारी गेले तेव्हा ती उघडी उन्हात बसून उसाचं कांडं चोखत होती. दंड बघूनच पोटात कालवलं. मोजला, १२.१. स्वेटर सहा मिलिमीटर खाऊन बसला होता आणि त्या लेकराचे आठ दिवस गेले. तेव्हापासून कितीही थंडी असो, बाही काढल्याशिवाय मी पट्टी लावत नाही.

त्या मुलीची आई म्हणाली, "ताई, लेकरू तर खातंय की. भाकर खातंय, च्या पितंय, बिस्किटं खातंय." खरंच खात होती. सकाळची बाजरीची भाकर दुपारी वाळून कडक होते, ती चहात बुडवून थोरली भरवायची. पोट भरतं, पण त्यात डाळ नाही, दूध नाही, तेलाचा थेंब नाही. आईचं दूध पहाटे एकदा आणि रात्री. मधले बारा-चौदा तास काय? घरचं रेशन कार्ड गावी म्हाताऱ्यांजवळ. आता कुठल्याही दुकानात धान्य उचलता येतं हे खरं, पण इथं उचललं तर तिकडं म्हाताऱ्यांनी काय खायचं, हा त्या बाईचा सवाल आहे आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नाही.

पट्टीनं त्या दिवशी एक केलं. आईला रंग दिसला. मी वजनाचे आकडे सांगितले असते तर तिनं मान डोलावली असती. पिवळ्यावरचा बाण तिनं स्वतः बघितला, बोट ठेवलं, आणि विचारलं, "हिरव्यावर कधी येईल?" सहा वर्षं कुपोषण या शब्दावर बोलून जे झालं नव्हतं ते या एका प्रश्नानं झालं.

मग मी तिला मोडाचं पीठ दाखवलं. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात कडक वाळवायचे, मंद आचेवर अगदी हलके शेकून दळायचे. घट्ट शिजवलेली लापशी चुलीवरून उतरवून कोमट झाली की त्यात हे पीठ चमचाभर ढवळायचं. बघता बघता लापशी पळीवाढी होते. लहान मूल घट्ट लापशी चार घास खाऊन तोंड फिरवतं, आणि पाणी घालून पातळ केली तर नुसतं पाणीच पोटात जातं. हिच्यात दाणा तेवढाच राहतो आणि वाटी संपते. वर चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट. थोरलीला वाटीवर खूण करून दिली, दिवसातून किती वेळा ते बोटांवर मोजून घेतलं. पाच आठवड्यांनी दंड १२.६ झाला. बाही काढून.

पट्टीत काय उणं आहे तेही सांगितलं पाहिजे. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला हे आकडे लावता येत नाहीत, आणि माझी सगळ्यात जास्त काळजी बांधावरच्या झोळीतल्या त्याच बाळांची असते. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहून खुंटलेली उंची हिला दिसत नाही. काही मुलं वजन-उंचीवर तीव्र निघतात आणि पट्टीवर नाही, काहींचं उलट. म्हणून मूल अंगणवाडीत आणता आलं तर उंची-वजन घ्यायचंच, मोबाइलवर भरायला तेच लागतं. आणि सूज! दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचा. खड्डा राहिला तर दंड हिरवा असला तरी थेट दवाखाना.

पट्टी जुनी झाली की ताणते. ताणलेली पट्टी हात आहे त्यापेक्षा बारीक दाखवते. मी दर महिन्याला शाळेच्या फूटपट्टीशी लावून बघते आणि एक मिलिमीटरचाही फरक पडला की फेकते. झेरॉक्स काढून कापलेल्या पट्ट्या मुळीच वापरू नका, छापताना माप बदलतं. आम्हाला पुरवठ्यात एका वर्षी अशाच आल्या होत्या, रंग ठसठशीत आणि आकडे चुकलेले. घेणार असाल तर न फाटणाऱ्या कागदाच्या घ्या, मिलिमीटरच्या रेघा स्पष्ट आहेत का बघा, आणि लाल रंग ११.५ ला संपतो का ते तपासा. जुन्या साठ्यातली पट्टी ११ ला संपते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ साली ती रेघ ११.५ वर आणली.

दंडाचा घेर मोजायची ही रीत युद्धात सापडलेल्या लेकरांसाठीही वापरली गेली, हे मला पुढे वाचताना समजलं. नायजेरियात १९६७ ते १९७० बियाफ्राचं युद्ध झालं, तिथं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मदत पथकानं भुकेली मुलं झटपट ओळखायला दंडाचा घेर धरला. त्यांची काठी होती, तिच्यावर उंचीसमोर घेराच्या खुणा. नंतर बगदादचे डॉ. शाकिर आणि इंग्लंडचे डॉ. मॉर्ली यांनी १९७४ मध्ये तीन रंगांची पट्टी मांडली, म्हणजे अक्षर न येणाऱ्या माणसालाही वाचता यावी. वाचलं तेव्हा मला आमचा माळच डोळ्यांपुढे आला.

पण मंडळाला मी हेही बजावलं की पट्टी मोजते, भरवत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० उष्मांकांचा आहार ठरवून दिला होता, कुपोषित असेल तर ८०० चा. त्यात मूल कुठल्या गावचं असा प्रश्न नाही. तरी परगावच्या मुलाचं नाव इकडे चढवून घेताना माझा एका हंगामात दीड महिना गेला होता. तेवढ्यात पिवळ्याचं लाल होऊ शकतं. म्हणून आता टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचे दंड मोजते आणि आकड्यांची यादी घेऊनच आहार मागायला जाते. आकडा समोर ठेवला की काम हलतं.

दोन हंगामांपासून आणखी एक करते. पट्टा पडायच्या आधी पिवळ्यातल्या मुलांच्या आयांना एकेक पट्टी देते आणि त्यांच्याकडून माझ्यासमोर तीनदा मोजून घेते. आयांचा हात बसतो, माझ्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात एक-दोन मिलिमीटरचाच फरक पडतो. स्वेटरवाल्या मुलीची आई मागच्या दसऱ्याला परत आली. पट्टी पातळाच्या घडीत ठेवलेली, मागच्या बाजूला थोरलीनं पेन्सिलीनं दर महिन्याचा आकडा लिहिलेला. वैशाखात १२.९, आषाढात १२.४, पुढे १२.८. आषाढात घरात दाणा नव्हता, असं ती म्हणाली.

मंडळ चाळीस पट्ट्या घेतंय. मी त्यांना सोबत दोन पोती गहू आणि शेंगदाणे मागितलेत, पीठ दळायचं काम आमच्या मदतनीस ताई करणार आहेत. दसऱ्याला अजून वेळ आहे.