'नवीन ओरिजिनल' सांगून माझाच जुना मॅगझिन कॅच घासून बसवला

पिस्तूल ग्लॉक 17, तिसऱ्या पिढीचं, सेकंड-हँड घेतलेलं. आधीच्या मालकाला स्पर्धेत झटपट रिलोड हवा होता, म्हणून त्याने कंपनीचा मॅगझिन कॅच (मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पिस्तुलाच्या मुठीत अडकवून धरणारा खटका; त्याचं बटण दाबलं की मॅगझिन सुटतं) काढून बाजारातला धातूचा लांब कॅच टाकला होता. बटण ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, बाहेर चांगलं ठसठशीत आलेलं, कडा धारदार. ज्याचा अंगठा पुरत नाही त्याला असं बटण सोयीचं. माझा पंजा मोठा. दोन्ही हातांनी घट्ट धरलं की डाव्या तळव्याचा दाब बटणावर यायचा आणि मॅगझिन जरासं खाली सरकायचं. होल्स्टरमध्ये बटण दाबलं जायचं ते वेगळंच.

मॅगझिन असं सरकलं तरी चेंबरमधला (नळीत आधीच चढलेला) राऊंड, म्हणजे गोळी, उडतोच, कारण ग्लॉकमध्ये मॅगझिन काढल्यावर ट्रिगर अडवणारी सोय नाही. पहिला बार होतो, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, खाली बसलेला राऊंड तिला सापडत नाही, ती रिकामीच पुढे येते. दुसऱ्या वेळी नुसतं 'टक्'. स्पर्धेत हे महागात पडतं. आणि मॅगझिन हातात आलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं धरून चालणाऱ्याच्या बाबतीत काय होऊ शकतं ते सांगायची गरज नाही.

परवाना असलेल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. काम स्पष्ट सांगितलं होतं: लांब कॅच काढायचा, कंपनीचा आखूड कॅच बसवायचा. त्याने पार्टचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे पैसे लावले. पिस्तूल परत देताना माझ्यासमोर रिकामं मॅगझिन घातलं, बटण दाबलं, मॅगझिन सुळकन खाली आलं. "ओरिजिनल आहे साहेब, डोळे झाकून वापरा." जुना पार्ट मागितला तर म्हणाला, काढताना तुटला, फेकून दिला.

हे 'तुटला' प्रकरण पुढे कळीचं ठरलं. तिसऱ्या पिढीच्या ग्लॉकमध्ये कॅचला धरून ठेवणारी एक उभी, सरळ तार असते. स्लाईड उतरवून मॅगझिनच्या पोकळीत डोकावलं की ती दिसते. लांब, बारीक स्क्रूड्रायव्हरने तिला कॅचच्या खाचेतून बाजूला सरकवायचं की कॅच आडवा निघून येतो. कसली ठोकाठोक नाही, कसला जोर नाही. आणि धातूचा कॅच ह्यात तुटायचा म्हणजे कमालच झाली.

काही दिवस सगळं ठीक होतं. बटण आखूड झालं होतं, तळव्याखाली येत नव्हतं. मग भरलेलं मॅगझिन अधूनमधून आपोआप सुटायला लागलं. परत त्याच्याकडे गेलो. त्याने मॅगझिनं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मॅगझिनं झिजलीत. कॅच नवा, मॅगझिनं जुनी, कशी जुळणार?" झीज खरीच होती. ग्लॉकच्या मॅगझिनला आत पोलादी अस्तर असलं तरी बाहेरून प्लास्टिक असतं आणि कॅच अडकतो ती खाच त्या प्लास्टिकमध्ये. माझ्या मॅगझिनांच्या खाचेची कड गोल झाली होती, पांढुरकी भुकटी सुटत होती. त्याने नवी मॅगझिनं विकली. ती मी घेतली आणि काही आठवड्यांत त्यांचीही कड तशीच खरवडलेली दिसायला लागली.

चोरी उघडी पडली ती साफसफाईत. सॉल्व्हंट लावलेली पांढरी चिंधी बटणावरून फिरवली तर तिच्यावर काळा रंग उतरला आणि बटणाच्या तोंडाशी चकचकीत धातू दिसला. त्यावर आडव्या, एकाच दिशेच्या बारीक रेघा. कानशीचे ओरखडे. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त उतरलेली, म्हणजे काम घाईचं. कंपनीच्या कॅचमध्ये रंगाखाली धातू निघायचं कारणच नाही, कारण तो अख्खा प्लास्टिकचा असतो. ग्लॉक 34 वर कंपनी स्वतःच लांब कॅच देते, पण तोही प्लास्टिकचाच. धातूचा कॅच दिसला की तो बाहेरचा, एवढं सरळ आहे.

त्याला दाखवलं तर म्हणतो, "आत थोडा लोखंडाचा भाग असतो साहेब, चुंबक लावून बघा हवं तर." आणि खरंच त्याने पिस्तुलाला बाहेरूनच चुंबक लावलं. ते चिकटणारच! आत ती पोलादी तार आहे. रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाने मग तिथेच कॅच बाहेर काढला आणि तार, फ्रेम सगळं बाजूला ठेवून नुसत्या कॅचला चुंबक लावलं. टपकन चिकटला. शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी कंपनीचा कॅच ठेवला होता, तो जागचा हलला नाही. दोन्ही तळहातावर घेतले तरी वजनात फरक कळत होता. (चुंबक चिकटलं नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या ओतीव पार्टलाही ते चिकटत नाही. त्यासाठी कडेच्या आतल्या बाजूला सुईने हलकी रेघ मारून खाली काय निघतं ते बघावं.)

म्हणजे त्याने नवा पार्ट आणलाच नव्हता. माझाच लांब कॅच कानशीने घासला, वर काळा रंग फासला, नव्या पार्टचे पैसे घेतले. धातूची कड मॅगझिनं खात राहिली आणि खाल्लेल्या मॅगझिनांच्या जागी तोच नवी विकत राहिला. ह्या दुसऱ्या भागाचा राग मला जास्त आहे.

बटण घासून कमी करणं ह्यात स्वतःमध्ये काही गैर नाही. बटणाचं तोंड घासलं, मॅगझिनला धरणाऱ्या कडेला हात लावला नाही, आणि तसं सांगून केलं तर ते चालणारं काम आहे. 1911 ह्या दुसऱ्या पिस्तुलाच्या काही लांब बटणांमध्ये तर वरची टोपी स्क्रूने लावलेली असते, तिथे घासायचीही गरज पडत नाही, स्क्रू सोडवला की झालं. माझ्याकडून पैसे मात्र बदलण्याचे घेतले होते.

त्याने माझ्यासमोर केलेली चाचणीही पोकळच होती. रिकामं मॅगझिन कसल्याही कॅचवर बसतं. पूर्ण भरलेलं मॅगझिन स्लाईड बंद असताना घातलं की वरचा राऊंड स्लाईडच्या पोटाला दाबला जातो आणि सगळा ताण कॅचवर येतो. चेंबर रिकामं असल्याची खात्री करून, डमी (न उडणारे, नकली) राऊंड भरून हे करायचं, मग मॅगझिनला खालून ओढून बघायचं, बटणाला हात न लावता घट्ट पकड घेऊन हलवायचं. हे त्याने केलं नाही, कारण तिथेच पितळ उघडं पडलं असतं.

पार्ट स्वतः आणून देणार असाल तर पिढी तपासून घ्या. 2010 ला आलेल्या चौथ्या पिढीपासून कॅच मोठा आणि डाव्या किंवा उजव्या, हव्या त्या बाजूला बसवता येणारा झाला. तो तिसऱ्या पिढीत बसत नाही. 'सगळ्याला चालतो' म्हणून विकणारे आहेत.

आता कंपनीचा आखूड कॅच बसवून घेतलाय, दुसरीकडून, समोर बसून. मॅगझिन सुटत नाही. पहिल्याने बरीच हुज्जत घातल्यावर पार्टचे पैसे परत केले, मॅगझिनांचे नाही. घासलेला कॅच आणि खरवडलेली मॅगझिनं जोडून क्लबकडे लेखी तक्रार दिली आहे. त्यानंतर क्लबमधल्या आणखी दोघांनी आपापले 'नवे' कॅच काढून बघितले. एकाचा खरा निघाला, दुसऱ्याच्या बटणावर तशाच आडव्या रेघा होत्या. त्याचीही तक्रार माझ्याच अर्जाला जोडली आहे.