दुरुस्त्या दिसणार नसतील तर पैसे कशाचे? – लेख तपासून देणाऱ्या सेवेचा वर्षभराचा अनुभव

वार्षिक प्लॅन या महिन्यात संपतोय आणि कंपनीचे नूतनीकरणाचे मेल रोज येताहेत, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. संशोधनाचे लेख इंग्रजीच्या अंगानं तपासून देणाऱ्या या ऑनलाइन सेवा कशा चालतात ते इथल्या बहुतेक डॉक्टरांना आणि पीएचडीवाल्यांना माहीत आहे. वर्ड फाईल चढवायची, विषय निवडायचा, शब्दागणिक पैसे भरायचे, आठवड्याभरात फाईल परत. ते सगळं सांगत बसत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही.

मी बेळगावात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि शिवाय पीजींना, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, शिकवतो. प्लॅनचे पैसे माझ्या खिशातले आहेत, कॉलेजचे नाहीत, हे आधी सांगतो. शब्दाला तीन रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. साडेतीन हजार शब्दांचा लेख म्हणजे बारा हजारांच्या वर गेलं की हो. निमसरकारी पगारावर घर चालवणाऱ्या बापाचा मुलगा पीजी करत असतो, त्याला हा खर्च झेपत नाही, म्हणून मी शब्दांचा मोठा गठ्ठा घेतला आणि मुलांचे लेख त्यातून तपासून घ्यायचे ठरवलं.

पहिले काही महिने या सेवेबद्दल माझं मत फार वाईट होतं आणि त्याला एकच कारण होतं. फाईल परत यायची ती स्वच्छ. एक लाल अक्षर नाही, एक खोडलेला शब्द नाही. तपासणाऱ्यानं कुठं काय बदललं, काय गाळलं, कशाला हात लावला नाही, काही कळायला मार्ग नाही. वेळेत काम, व्याकरण चोख, जर्नलच्या नियमांप्रमाणे मांडणी, सगळं ठीक. पण दुरुस्त्या दिसत नाहीत ही एक गोष्ट माझ्या दृष्टीनं बाकी सगळ्यावर पाणी फिरवणारी आहे. का, ते नीट सांगतो.

आमच्या एका विद्यार्थिनीनं निपाणी पट्ट्यातल्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या मान-खांद्याच्या दुखण्यावर काम केलं होतं. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर तेच. मजुरी हजार विड्यांवर. कष्टानं गोळा केलेली माहिती होती. फाईल तपासून आली, तिनं वाचली आणि मला म्हणाली, ‘‘सर, हे वाक्य आपलं नाही.’’ मग मी वर्डच्या रिव्ह्यू टॅबमधलं ‘कम्पेअर’ वापरलं. जुनी फाईल एका बाजूला द्यायची, नवी दुसऱ्या बाजूला, आणि सगळे फरक रंगात समोर येतात. लिब्रेऑफिसमध्येही एडिट मेनूत, ट्रॅक चेंजेस म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या भागाखाली, ही सोय आहे, तीही फुकट. ज्यांना स्वच्छ फाईल मिळते त्या प्रत्येकानं हे करावंच.

तिनं लिहिलं होतं की कामाचे तास आणि मानेचं दुखणं यांचा संबंध आढळला. परत आलेल्या फाईलमध्ये होतं की जास्त तास काम केल्यामुळं मान दुखते. नवं वाक्य आखूड होतं, वाचायला गोड होतं आणि शास्त्राच्या दृष्टीनं चूक होतं. एका वेळी जाऊन केलेली ती पाहणी, क्रॉस-सेक्शनल. त्यात आधी काय आणि नंतर काय ते कळतच नाही. मान दुखते, शेतात खुरपणीला जाववत नाही, म्हणून घरी बसून जास्त तास विड्या वळणारी बाईसुद्धा त्या आकड्यांत असू शकते. ‘मुळं’ हा निष्कर्ष त्या पाहणीतून काढताच येत नाही. आणखी एके ठिकाणी परदेशी वाचकाला सोपं जावं म्हणून विडीची सिगारेट करून टाकली होती! टेंभुर्णीच्या पानात तंबाखू घालून हातानं वळतात ती वस्तू, आणि कारखान्यात यंत्रावर होणारी वस्तू, एक कशी होईल? अख्खा लेख हातानं वळण्याबद्दल आहे.

लेखाखाली नाव तपासणाऱ्याचं नसतं, तिचं आणि माझं असतं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिनं लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्यात आणि चौथी जबाबदारीची आहे: लेखातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल उत्तर द्यायची तयारी. नुसती भाषा सुधारून देणाऱ्याला लेखक मानत नाहीत, आभारात उल्लेख करतात. म्हणजे उत्तर आम्ही द्यायचं आणि बदल मात्र आम्हाला दाखवायचा नाही. हे मला मान्य नाही.

मी मेल केला. उत्तर आलं की तुमच्या प्लॅनमध्ये स्वच्छ प्रतच मिळते, दुरुस्त्यांसह प्रत हवी तर वरचा प्लॅन घ्या. या उत्तरानं मी खरोखर चिडलो. तपासणारा माणूस ट्रॅक चेंजेस लावूनच काम करतो, ती फाईल त्यांच्याकडं तयार असते. सगळे बदल एका बटणानं स्वीकारून ती पुसायची आणि न पुसण्याचे जादा पैसे मागायचे, हा कुठला व्यवहार? हे मी त्यांना लिहून विचारलं. त्यांनी पुढच्या लेखावर सूट देऊ केली. मी सूट नको म्हणालो, फाईल द्या म्हणालो. चॅटवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी दोन्ही वाक्यं, आधीचं आणि नंतरचं, शेजारी शेजारी ठेवून पाठवली आणि विचारलं की हा अर्थ कोणी बदलला ते मला कळलं पाहिजे. त्यावर फोन आला. प्लॅन तोच राहील, पण माझ्या खात्यावरच्या प्रत्येक लेखाची दुरुस्त्यांसह प्रत मिळेल, आणि सार्वजनिक आरोग्यात काम केलेली एकच संपादक सगळे लेख बघेल, एवढं कबूल झालं.

इथून माझं मत बदलत गेलं. तोच निपाणीचा लेख पुन्हा तपासून आला तेव्हा समासात दुरुस्त्यांपेक्षा प्रश्न जास्त होते. पद्धतीच्या भागात ‘मुलाखती स्थानिक भाषेत घेतल्या’ असं वाक्य होतं. शेजारी प्रश्न: कोणत्या भाषेत? आपल्या भागात हा प्रश्न किती मोलाचा आहे ते मी सांगायला नको. निपाणीत एका दारात मराठी, पुढच्या दारात कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू. विद्यार्थिनीनं प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये करून घेतली होती, दुसऱ्या माणसाकडून ती उलट इंग्रजीत करून पडताळली होती, एथिक्स कमिटीपुढं तसे कागदही ठेवले होते. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. एवढी मेहनत झालेली आणि लेखात त्या मेहनतीचा उल्लेखच नाही. ते सगळं आत आलं.

दुसरा प्रश्न: किती जणींनी नकार दिला आणि का? हा प्रश्न हवेतला नाही. पाहणीच्या अभ्यासांसाठी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी २००७ पासून आहे, तिच्या तेराव्या मुद्द्यात हेच विचारलंय. विद्यार्थिनीच्या वहीत उत्तर होतं. तयार माल कारखान्यात द्यायचा दिवस असला की बायकांना बोलायला उसंत नसायची, बहुतेक नकार त्या दिवसांचे. म्हणजे ज्यांच्यावर कामाचा सगळ्यात जास्त ताण, त्यांतल्याच काही जणी अभ्यासातून गळल्या. हे मर्यादांमध्ये लिहिल्यावर लेख जास्त खरा झाला. आकड्यांवरही त्या संपादक बाईंची नजर होती. नऊपैकी तिघींना ३३.३३ टक्के म्हणू नका, नऊपैकी तीन म्हणा. संगणकानं पी व्हॅल्यू (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगानं असे आकडे येण्याची शक्यता) .००० दाखवली म्हणून तशी छापू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. स्वच्छ फाईलमध्ये हे आकडे गुपचूप बदलले असते आणि विद्यार्थिनीनं पुढच्या लेखात पुन्हा तेच केलं असतं. आता ती स्वतःच ज्युनियरला सांगते.

प्लॅनबरोबर डॉक्टरांच्या रोजच्या लिखाणावर काही रेकॉर्ड केलेले धडे फुकट मिळतात. मी ते कित्येक दिवस उघडलेच नव्हते, जाहिरात असेल असं वाटलं. त्यातला रेफरलच्या, म्हणजे पेशंट दुसऱ्या रुग्णालयात पाठवतानाच्या, चिठ्ठीवरचा धडा मला सगळ्या प्लॅनमधला सर्वांत कामाचा वाटला. अमेरिकी नौदलाकडून रुग्णालयांत आलेली एसबीएआर पद्धत त्यात शिकवलीय: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं.

खानापूरकडून सर्पदंशाचे पेशंट आमच्याकडं येतात. चंदगडकडूनही येतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच: साप चावला, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) दिलं, पुढील उपचारांसाठी पाठवत आहे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभ्या डॉक्टरला यातून काय कळणार? चावलं किती वाजता, औषधाच्या किती व्हायल (बाटल्या) दिल्या, कधी दिल्या, वीस मिनिटांत रक्त गोठलं की नाही, पापण्या जड झाल्यात का, लघवी होतेय का. एएसव्ही दिल्यावर सहा तासांनी गोठण्याची चाचणी पुन्हा करून पुढचा डोस ठरवतात, आणि ते सहा तास कुठून मोजायचे हे चिठ्ठीतल्या वेळेवर अवलंबून असतं. त्या धड्याच्या आधारानं मी चार ओळींचा नमुना केला आणि ओळखीच्या डॉक्टरांना दिला. आता ज्या चिठ्ठ्या येतात त्यात ‘रात्री ९.१० ला रक्त गोठलं नाही, ९.४० ला दहा व्हायल’ असं लिहिलेलं असतं. नातेवाईकांना घाबरलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावे लागत नाहीत. माझ्या सगळ्या पैशांची किंमत एकट्या या धड्यात वसूल झाली असं मी मानतो.

बाकीचं थोडक्यात. वेग चांगला. संदर्भांची मांडणी करून देतात, पण त्यासाठी आपल्या गठ्ठ्यातले शब्द वजा करतात. संदर्भ मांडून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते काम मुलांनी स्वतः करावं. केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटवरचा लेख) चढवण्याआधी पेशंटचं नाव, आयपी नंबर (रुग्णालयातला भरती क्रमांक), गावाचं नाव काढूनच चढवा, कंपनी काहीही म्हणो. यंत्राकडून भाषा सुधारून घेतली असेल तर आयसीएमजेई २०२३ पासून तसं जाहीर करायला सांगते, म्हणून कंपनीकडून आधी लिहून घ्या की तपासणी माणूस करतो की सॉफ्टवेअर. आणि पैसे भरण्याआधी स्ट्रोबसारख्या याद्या एकत्र ठेवणाऱ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावरून आपल्या लेखाच्या प्रकारची यादी उतरवून घ्या. पाहणीला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर, ट्रायलला (उपचारांच्या चाचणीला) कॉन्सॉर्ट, सगळं फुकट. त्या यादीवर बोट ठेवून लेख एकदा वाचला की निम्मे प्रश्न तिथंच सुटतात आणि संपादकाच्या वाट्याला खरं अवघड तेवढंच उरतं.

घ्यावी का? दुरुस्त्यांसह फाईल आणि समासातले प्रश्न, या दोन गोष्टी कोणत्या प्लॅनमध्ये आहेत ते लेखी घेतल्याशिवाय कोणतीच सेवा घेऊ नका. त्या मिळत असतील तर दर जास्त असूनही मी घ्या म्हणेन. मिळत नसतील तर शब्दाला एक रुपयाही महाग आहे. त्यापेक्षा विभागातल्या वाचणाऱ्या सहकाऱ्याला दोन संध्याकाळ बसवा.

माझ्या गठ्ठ्यातले बरेच शब्द अजून शिल्लक आहेत आणि नियमाप्रमाणं मुदत संपली की ते बुडतात. भांडणात गेलेल्या आठवड्यांची मुदत वाढवून मागितली आहे, आणि कबूल केलेली गोष्ट, दुरुस्त्यांसह प्रत, पुढच्या वर्षीच्या करारात छापून मागितली आहे. दोन्हींवर ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ एवढंच उत्तर आहे. त्यांनी काय ठरवलं ते कळलं की इथंच खाली लिहितो. कुणाची अशी मुदत वाढवून मिळाली असेल तर कोणाशी आणि कसं बोललात ते कृपया सांगा.